"दादा, गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवलीय"

कॅनडात एडमंटनला नव्याने आलेल्या आणि पहिल्या हिवाळ्याआधी जुनी गाडी शोधणाऱ्या प्रत्येक मराठी घरासाठी हे लिहितोय. माझे 6,800 डॉलर गेले, रोख. रुपयांत चार लाखांच्या वर. आणि ते नेणारा माणूस माझ्याशी शुद्ध मराठीत बोलत होता, याचा संताप अजून उतरत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये आम्ही पुण्याहून आलो. बायकोची पहाटेची शिफ्ट, चार वर्षांचा मुलगा, बसथांबा पंधरा मिनिटांवर. घाई केली म्हणाल, तर हो, केली. माझ्या जागी कुणीही केली असती. जाहिरातीत होतं: 2012 ची गाडी, एकच मालक, ब्लॉक हीटर आहे, हिवाळ्यासाठी तयार.

इथे ब्लॉक हीटर ही चैन नाही. इंजिनात फिरणारं कूलंट नावाचं द्रव गरम ठेवणारी विजेची कॉइल असते ती. तिची वायर ग्रिलमधून बाहेर येते आणि पार्किंगमधल्या सॉकेटला लावतात. उणे 30 ला ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जीव निम्मा होतो, म्हणून हा खटाटोप. मी ग्रिलबाहेर लोंबणारा प्लग पाहिला आणि समाधान मानलं. वायरचं दुसरं टोक कुठे जातं हे बघायचं असतं, हे मला कोण सांगणार होतं? आपल्याकडे गाडी तापली की संकट. ती गार पडण्याची भीती आपण कधी बाळगलेलीच नसते.

दिवाळीचा आठवडा होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये गाडी सुरूच होती. म्हणाला, "दादा, वहिनी आणि बाळ येणार म्हणालात ना, म्हणून तासभर तापवून ठेवलीय. गारठायला नको." मी त्याचे आभार मानले! बायकोने त्याला करंज्यांचा डबा दिला.

तोच क्षण. त्याच क्षणी मागे फिरायला हवं होतं. थंड इंजिन चावी फिरवल्यावर कसं उठतं, केबिनच्या हीटरला ऊब यायला किती वेळ लागतो, हे दोनच प्रश्न अशा गाडीबाबत खरे, आणि ते दोन्ही त्याने आमच्या काळजीच्या नावाखाली मिटवून टाकले होते. एका मित्राने बजावलं होतं की दीडशे डॉलर देऊन मेकॅनिककडून तपासून घे. मी ते विक्रेत्याला म्हणालोही. "आपल्याच माणसावर विश्वास नाही का?" असं तो म्हणाला आणि मीच शरमलो. कुणीही असं म्हणालं की तिथून निघा.

त्या वर्षी डिसेंबर सौम्य गेला. हीटर कोमट हवा फेकायचा, मला वाटलं जुन्या गाडीत असंच असेल. कोमट म्हणजे बिघाड, लक्षात ठेवा. जानेवारीत पारा उणे 40 कडे गेला आणि 12 तारखेला गाडी नुसती टकटक करत राहिली. शेजाऱ्याच्या बॅटरीवरून कशीबशी सुरू केली. अर्धा तास चालवूनही आतून गार वारा. काचेवर आतल्या बाजूने आमच्याच श्वासाचं बर्फ धरत होतं, मी एका हाताने ते खरवडत चालवत होतो आणि मागे मुलगा रडत होता.

13 तारखेला दिवसभर प्लग लावून ठेवला. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर सरकारी इशारा वाजला: वीज कमी पडतेय, वापर कमी करा, ब्लॉक हीटरही लगेच लावू नका. मी लगेच खाली जाऊन प्लग काढून आलो. सकाळी गाडी बंद, म्हणून दोष मी त्या रात्रीला दिला.

सोमवारी टो करून नेली, 185 डॉलर. मेकॅनिकने ग्रिलमागे हात घालून वायर ओढली आणि ती अख्खी त्याच्या हातात आली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली. इंजिनात हीटर नव्हताच! मग त्याने मला केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या धरायला लावल्या, एक चटका देणारी, दुसरी गार. दोन्ही गरम लागल्या पाहिजेत. गळती लपवायला कूलंटमध्ये बुजवणारं रसायन ओतलं होतं, त्याने हीटर कोअर, म्हणजे केबिनची हवा तापवणारी जाळी, चोंदला होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, तेही गेलेलं. तपासणी 150, दुरुस्तीचा अंदाज 4,350. गाडी भंगारात 400 ला गेली.

मल्टिमीटर, म्हणजे विजेची मापं घेणारं छोटं यंत्र, वीस डॉलरला मिळतो. प्लगच्या दोन पिनांमध्ये रोध मोजा: 400 वॉटचा हीटर 120 व्होल्टला साधारण 36 ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर वायरच्या पुढे चालू हीटर नाही. मला हे सगळं नुकसान झाल्यावर कळलं.

आता दाद मागायचं बघा. पोलीस म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे. गाडीविक्रीवर देखरेख ठेवणारं कार्यालय म्हणालं, खाजगी व्यवहार आमच्या कक्षेत येत नाही. तो धंदाच करतो हे दाखवायला एकाच नंबरच्या चार जाहिरातींचे फोटो दिले. सात आठवड्यांनी उत्तर आलं, पुरावा अपुरा. गाडीची नोंदणी तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघाली, ते तपासणं म्हणे माझं काम होतं. (होतंच. विक्रेत्याचं ओळखपत्र आणि नोंदणी शेजारी ठेवून वाचा, नाव जुळलं नाही तर पैसे काढू नका.) मग त्या कार्यालयाला काम काय? कोर्टात 100 डॉलर भरून दावा टाकला, तर त्याने पावतीवर लिहिलेला पत्ता खोटा, नोटीस परत. ते गॅरेज भाड्याचं होतं. प्रत्येक खिडकीवर दुसऱ्या खिडकीचा नंबर मिळाला. इथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर लिहिलं, तर ज्येष्ठ म्हणाले, वातावरण बिघडेल, काढून टाका. टो, तपासणी, कोर्ट धरून आणि भंगाराचे वजा करून माझे 6,835 डॉलर बुडाले, त्याने कुणाचं वातावरण बिघडलं नाही.

रोख देऊ नका. पैसे द्यायचेच तर बँकेचा ड्राफ्ट द्या, माग राहतो.

गेल्या आठवड्यात वेगळ्या नंबरवरून तशीच जाहिरात दिसली. 7,200 डॉलर, ब्लॉक हीटर आहे, हिवाळ्यासाठी तयार. फोटोत मागे भिंतीवर तेच निळं बर्फाचं फावडं टांगलेलं आहे. बघायला जाणार असाल तर सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी जा आणि काहीही बोलण्याआधी बॉनेटवर हात ठेवा.