मादागास्कारचं आपोआप वेलॉसिटी पिकिंग: काही महिने वापरल्यानंतर

बाणेरमधल्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघं-चौघं सायस्मिक प्रोसेसिंग करतो, म्हणजे जमिनीखालून परत आलेल्या लहरींच्या नोंदींतून भूगर्भाचं चित्र काढतो. वेलॉसिटी पिकिंग, म्हणजे कुठल्या खोलीसाठी लहरींचा वेग किती धरायचा ते ठरवणं, आता मादागास्कार या मोफत, ओपन सोर्स पॅकेजवर होतं. कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं: जरूर वापरा, पण मल्टिपल (एकाहून जास्त वेळा आपटून आलेल्या लहरी) ओळखायचं काम त्याच्यावर सोडू नका.

त्यातला व्हीस्कॅन हा प्रोग्राम प्रत्येक सीएमपी गॅदरला (एकाच मध्यबिंदूच्या नोंदींच्या गटाला) वेगवेगळे वेग लावून सेम्ब्लन्स, म्हणजे त्या नोंदी एकमेकींशी किती जुळतात याचं माप, काढतो. पिक हा दुसरा प्रोग्राम त्यातून वरपासून खालपर्यंत सगळ्यांत जोरकस वाट शोधतो. हातानं करताना आपण ठरावीक अंतरावरचे सीएमपी घेतो आणि मधले अंदाजानं भरतो. इथं एकही सीएमपी सुटत नाही. वेग आडवा झपाट्यानं बदलतो तिथं स्टॅक (नोंदी एकत्र करून तयार झालेलं चित्र) बघा, रिफ्लेक्टर (लहरी परतवणारे थर) सलग उभे राहतात.

खरी गोची समुद्री डेटात. उत्तर समुद्रातल्या व्हायकिंग ग्रॅबनची सर्वांना खुली असलेली जुनी लाइन (एका रेषेवर घेतलेल्या नोंदी) चालवून पाहा. समुद्रतळाचे मल्टिपल इतके दणकट आहेत की खोलवर प्रायमरी (एकदाच परावर्तित झालेली लहर) फिकी पडते. मल्टिपलचा बराच प्रवास पाण्यातला, म्हणून वेग सेकंदाला १५०० मीटरकडे झुकलेला. प्रोग्रामला फक्त जोर कळतो, त्यामुळे वाट खाली गेली की कमी वेगाकडे घसरते, आणि स्टॅकमध्ये मल्टिपलच झळकतात! म्हणून पिकच्या आधी सेम्ब्लन्सवरच म्यूट लावून तो कमी वेगाचा भाग झाकायचा. हा म्यूट कुठून कसा न्यायचा, हे भूगर्भ समजणाऱ्या माणसानंच ठरवायचं. मला तरी पिकिंगपेक्षा हे काम जास्त मोलाचं वाटतं.

स्मूदिंगचे, म्हणजे वेग किती गुळगुळीत करायचा ते सांगणारे, आकडे रेक्ट१ (वेळेत) आणि रेक्ट२ (आडवं) हेही जपून द्या. फार कमी दिलं तर पिक केलेले वेग थरथरतात, आणि डिक्सचं १९५५ चं सूत्र ती थरथर इंटरव्हल वेगात, म्हणजे एकेका थराच्या वेगात, कितीतरी वाढवतं. कधी वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. फार जास्त दिलं तर फॉल्टच (प्रस्तरभंग) पुसला जातो.

आपल्या दख्खनच्या बेसॉल्टखाली मात्र मी हातानंच पिक करतो. वर वेगवान बेसॉल्ट, खाली मंद गाळाचे थर आणि सिग्नल क्षीण. सेम्ब्लन्समध्ये शोधण्याजोगी वाटच उरत नाही.

लिनक्सवर बसवायला थोडा वेळ जातो, बाकी त्रास नाही. सगळा फ्लो (टप्प्यांचा क्रम) एसकॉनस्ट्रक्ट नावाच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, म्हणून एक आकडा बदलला की फक्त त्यापुढचेच टप्पे पुन्हा चालतात. पुढच्या लाइनला मी तीच फाइल नेतो. म्यूट तेवढा नव्यानं आखतो.