समुद्राकाठच्या घराला कुंपण कशाचं घालावं? जाळी, जांभ्याचा चिरा, सिमेंटचे खांब, स्टील आणि कोयनेलचं झुडूप यांचा आढावा

श्रीवर्धन, आंजर्ले, तारकर्ली, किनाऱ्यालगतच्या कुठल्याही वाडीत पाच-सहा वर्षं जुनं तारेचं कुंपण जवळ जाऊन बघा. जाळीचा मधला पट्टा बहुतेक वेळा धड असतो. तुटलेली असते ती जाळी खांबाला बांधणारी बाइंडिंग वायर. फुगून पापुद्रे सुटलेला असतो तो जमिनीलगतचा वीतभर खांब, आणि लाल झालेली असतात ती जाळीची वरची कापलेली टोकं. म्हणून किनाऱ्यावर मटेरियल निवडताना त्याचा जोड, त्याचं कापलेलं टोक आणि मातीत जाणारा भाग आधी बघायचा. दुकानातल्या नमुन्याची चमक त्यानंतर.

सुरुवात जाळीपासून, कारण सर्वाधिक फसवणूक तिच्यातच होते. दुकानदार गेज, म्हणजे तारेची जाडी, सांगतो आणि गिऱ्हाईक गेज ऐकून समाधान मानतं. १० गेज म्हणजे ३.२५ मिमी, १२ गेज म्हणजे २.६४ मिमी. गेज कळल्याने ताकद कळते, आयुष्य कळत नाही. आयुष्य ठरतं तारेवर चढवलेल्या जस्ताच्या थरावर, आणि तो मोजतात ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये. साधारण ७ ग्रॅम म्हणजे एक मायक्रॉन. समुद्राकाठच्या कडक हवेत, म्हणजे हवेचा गंजकपणा ठरवणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकाच्या सी-५ वर्गात, पहिल्या वर्षी जस्त ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. आता हिशोब करा. बाजारातल्या हलक्या जाळीवर ६० ग्रॅम जस्त असेल, तर ते साडेआठ मायक्रॉनच्या आत भरतं. ते वर्ष-दोन वर्षांत संपेल. २४० ग्रॅमचा थर त्याच हवेत चार ते आठ वर्षं टिकेल. दोन्ही जाळ्यांना दुकानात ‘जीआय’ (जस्त चढवलेलं लोखंड) असंच म्हणतात. बिलावर जस्ताचा आकडा लिहून द्यायला तयार नसलेल्या दुकानातून किनाऱ्यासाठी जाळी घेऊ नये.

पीव्हीसी कोटेड, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली, जाळी किनाऱ्यावर साध्या जाळीपेक्षा नक्कीच सरस, पण दोन गोष्टी तपासूनच घ्यावी. पहिली म्हणजे गेज आतल्या तारेचा की कोटिंगसकट? ‘१० गेज’ म्हणून दिलेल्या जाळीत आत १२ किंवा १४ गेजची तार निघू शकते. ब्लेडने इंचभर कोटिंग सोला आणि उघड्या तारेला व्हर्नियर लावा. दुसरी गोष्ट, कोटिंग तारेला चिकटलेलं आहे की नुसतं मोजा घातल्यासारखं आहे? चार इंचाचा तुकडा कापून घ्या आणि चिमटीत धरून कोटिंग ओढा. नळीसारखं सरकून हातात आलं, तर ती जाळी नको. कापलेल्या टोकातून खारट ओल आत शिरते, कोटिंगखाली अडकते, आणि वरून हिरवीगार दिसणारी तार आतून सडत जाते. साधी जाळी निदान गंजताना दिसते तरी. कोटिंगखाली तार जस्त चढवलेली आहे की काळी, हेही सोललेल्या जागी लगेच कळतं. काळी असेल तर परत करा.

खांबासाठी पाइपपेक्षा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) बरा, हे आमचं ठाम मत आहे. पाइप आतून गंजतो आणि तो गंज बाहेरून दिसत नाही. अँगलच्या सगळ्या बाजू डोळ्यांसमोर राहतात. ५० × ५० × ६ मिमीचा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, आठ फुटी खांब अकरा किलोंचा. तारांसाठीची भोकं पाडून, वेल्डिंग पूर्ण करून, मगच तो हॉट डिप गॅल्वनायझिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवायला) द्यायचा आणि या जाडीवर ६१० ग्रॅमचा थर मागायचा. तो सुमारे ८५ मायक्रॉन होतो, वरच्याच हिशोबाने दहा ते वीस वर्षं. क्रम उलटा झाला, म्हणजे गॅल्वनाइज करून आणल्यावर साइटवर वेल्डिंग मारलं, की त्या जागचं जस्त जळतं आणि खांब तिथूनच जातो. आरशासारखा चकचकीत, एकसारखा निळसर माल बहुधा इलेक्ट्रोप्लेटेड असतो. त्याचा थर अगदी पातळ.

शंभर फुटांच्या सरळ कुंपणाला आठ फुटांवर एक याप्रमाणे १४ खांब लागतात, शिवाय दोन्ही टोकांना तिरपे टेकू. खड्डा एक फूट बाय एक फूट, खोली दोन फूट. सगळ्या खड्ड्यांचं काँक्रीट पाऊण घनमीटर, म्हणजे १ : १.५ : ३ मिश्रणाला सिमेंटच्या साधारण सहा गोण्या. टेकूंचे खड्डे वेगळे धरा. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताण-तारा १० गेजच्या धरल्या तर सुमारे सहा किलो. पुळणीची, म्हणजे समुद्रकिनाऱ्याची, वाळू फुकट मिळते म्हणून गवंडी ती वापरायला निघतो. ती अजिबात नको, आणि मचूळ विहिरीचं पाणीही नको. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर, चारी बाजूंना उतार देऊन घोटून घ्या. तो सपाट राहिला तर खांबाभोवती पाण्याचं तळं साचतं. खांबाला माथ्याच्या वर-खाली सहा-सहा इंच बिट्युमेन रंगाचे दोन हात द्या.

एवढं करून बांधणीला काळी बाइंडिंग वायर वापरली तर दोन पावसाळ्यांत जाळी लोंबते. बांधणीची तारही पीव्हीसी कोटेडच हवी. कापलेल्या प्रत्येक टोकाला त्याच दिवशी झिंक-रिच प्रायमरचे दोन हात द्यावेत.

तयार सिमेंटचे खांब स्वस्त आणि झटपट मिळतात, म्हणून किनाऱ्यावर सगळीकडे दिसतात. त्यांची अडचण साध्या अंकगणिताची आहे. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किनाऱ्याच्या हवेत लोखंडी सळीवर ४५ मिमी काँक्रीट हवं आणि खाऱ्या तुषारांत ५० मिमी. चार इंची खांबाची पूर्ण जाडीच १०० मिमी. त्यात चार सळ्या घातल्या की बाहेरच्या बाजूला जेमतेम १५-२० मिमी काँक्रीट उरतं. क्षार सळीपर्यंत पोचतात, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि खांब उभा चिरतो. प्रीकास्ट फळ्यांच्या कंपाउंडलाही हाच रोग. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत हे खांब ठीक आहेत, लाटांच्या आवाजाच्या टप्प्यात नकोत.

स्टेनलेस स्टील घ्यायचंच असेल तर ३१६ ग्रेडचं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि खाऱ्या हवेशी झुंज तोच देतो. ३०४ वर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. फॅब्रिकेटरकडे ‘एसएस’ म्हणून बरेचदा २०२ मिळतं, ते किनाऱ्यासाठी निरुपयोगी. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम तपासायचे थेंब मिळतात, ते वापरा. संपूर्ण कुंपण ३१६ चं करणं खिशाला झेपत नाही. फाटकाच्या बिजागऱ्या, कडी आणि बोल्ट मात्र ३१६ चेच घ्यावेत, कारण फाटक तिथेच अडकतं.

ॲल्युमिनियम चांगलं टिकतं, पण ओल्या काँक्रीटमध्ये थेट रोवू नये, चुना त्याला खातो. डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) फळ्यांना काही होत नाही, आतला लोखंडी पाइप कुजतो. पत्र्याचं किंवा फळ्यांचं आंधळं कुंपण शिडासारखं वारा पकडतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखा वारा पुन्हा येणार हे धरूनच रायगड-रत्नागिरीत बांधायला हवं. बांबूची वई सुंदर दिसते, पण मातीतला भाग दोन-तीन वर्षांत वाळवी आणि ओल खाते. दर दोन वर्षांनी नवी घालायची तयारी असेल तर जरूर घाला.

या सगळ्यात आमची पहिली पसंती जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीला. त्यात लोखंडच नाही, मग गंजणार काय? तळाला दोन फूट रुंद, वर सव्वा फुटापर्यंत निमुळता, उंची तीन-साडेतीन फूट, सिमेंटशिवाय कोरडा रचलेला. फटींतून पावसाचं पाणी वाहून जातं, त्यामुळे मागे दाब साठत नाही. चिरा घेताना पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे कप्पे असलेला बाजूला काढा. ती माती धुऊन जाते आणि दगड पोकळ होतो. बाहेरून प्लास्टर करू नये. खारट ओल आत कोंडते आणि प्लास्टर ढलप्यांनी सुटतं. वाळूत रचायचा असेल तर पाया दीड फूट खाली न्या. खर्च मुख्यतः वाहतूक आणि मजुरीचा असतो, आणि कोरडा गडगा नीट रचणारा गडी आधी शोधावा लागतो.

गडग्याच्या आत कोयनेल लावा. समुद्रकाठचंच झुडूप ते, खारं वारं सोसतं आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. जूनमध्ये वीतभराची छाटं, दोन ओळी, एकेका फुटावर, आडवी-तिडवी. शंभर फुटांना दोनशे छाटं पुरतात. जाळी असेल तर तिच्यापासून फूटभर लांब ठेवा, कारण पानांनी झाकलेली तार ओली राहते. माकडं यातल्या कशालाही जुमानत नाहीत, त्या आशेने वरती काटेरी तारेचा खर्च करू नका.

खांब रोवण्याआधी भूमी अभिलेखची मोजणी करून घ्या आणि भरतीरेषेजवळ जागा असेल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) मर्यादा तपासा.

देखभाल पावसाळ्यात नाही, पावसाळ्यानंतर लागते. जून ते सप्टेंबर पाऊस तारेवरचे क्षार धुतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ते साचत राहतात, आणि वळचणीखाली, झाडाआड, फाटकाच्या कमानीखाली, जिथे पाऊसही पोचत नाही, तिथे तर बारा महिने. त्या जागा महिन्यातून दोनदा गोड्या पाण्याने पाइप लावून धुवा.