एम्पुरियाब्रावा, स्पेन: कालव्यावरच्या घरात एप्रिल ते ऑक्टोबर, वापरानंतरचा अनुभव

मत आधीच सांगून टाकतो. कालव्यावरच्या घराचं जास्तीचं भाडं हे मागच्या दारी बोट बांधता येते म्हणून असतं. बोट चालवणार नसाल तर ते पैसे पाण्यात. त्यापेक्षा समुद्राकाठच्या इमारतीतला फ्लॅट घ्या. कालव्यात पोहायला बंदी आहे, त्यामुळे फोटोत अंगणालाच पाणी लागलेलं दिसलं तरी डुंबायला पुळणीवरच जावं लागतं. हा मजकूर एका हंगामात दोन घरं वापरून लिहिला आहे: एक कालव्याच्या आतल्या बंद टोकाला, दुसरं रुंद कालव्यावर.

गाव कॅटलोनियाच्या ईशान्य कोपऱ्यात, रोझेसच्या आखातावर आहे. जुनं कास्तेलो द'एम्पुरिएस इथून जवळच, कारभारही तिथल्याच नगरपालिकेचा. 1967 पासून इथली दलदल खणून सुमारे 24 किलोमीटरचे कालवे काढले आणि त्यांत जवळपास 5000 बोटींची सोय केली. हे जमलं, कारण भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, वीसतीस सेंटिमीटर फार तर. कोकणातल्या खाडीत दोन-तीन मीटर पाणी वरखाली होतं, तिथे पाण्यालगत असा ओटा बांधता येणार नाही. इथे ओट्यावर बसून हात खाली केला की पाणी लागतं, आणि पाव टाकला की बोय माशांचा थवा जमतो.

पण त्याच कारणाने पाणी धुऊन निघत नाही. समुद्राकडच्या रुंद कालव्यात ते बरं असतं. आतल्या बंद टोकाला जुलै-ऑगस्टमध्ये ते तापतं, हिरवट होतं, वाऱ्याने सगळा कचरा एका कोपऱ्यात गोळा होतो आणि दुपारी वास येतो. स्वस्तात मिळणारी घरं बहुधा अशा टोकाला असतात. बुकिंगआधी उपग्रह नकाशावर घर शोधा आणि तिथून समुद्रापर्यंतचं अंतर पाण्याच्या वाटेने मोजा. कालव्यात वेगमर्यादा तीन नॉटची, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर, झपाझप चालणाऱ्या माणसाइतकी. घर तीन किलोमीटर आत असेल तर नुसतं समुद्राला लागायला अर्ध्या तासाहून जास्त, यायला तितकाच. पहिल्या आठवड्यात याची मजा वाटते, तिसऱ्यात बोट नुसती बांधलेली राहते.

रस्त्याचंही तसंच. समोरच्या काठावरच्या घरातलं बोलणं ऐकू येतं, पण तिथे चालत जायचं तर पुलापर्यंत वळसा घालून दीड-दोन किलोमीटर. पत्ते रस्त्याच्या नावाऐवजी बरेचदा विभागाचं नाव आणि क्रमांक असे असतात: आल्बेरेस अमुक, रेकेसेन्स तमुक. पहिल्या रात्री टॅक्सीवाल्याला नुसता पत्ता देऊ नका, मालकाकडून नकाशावरची खूण मागवून ठेवा.

मालकाला विचारायचे प्रश्न मोजकेच, पण उत्तर लेखी घ्या. बोटीची जागा किती लांब आणि किती रुंद? भाड्यात ती धरली आहे का? समुद्रापर्यंत वाटेत पूल किती आणि सगळ्यात ठेंगणा किती उंच? काही पुलांखालून छत असलेली बोट जात नाही, आणि शिडाच्या बोटीला तर पूल नसलेलाच कालवा हवा. ओटा कुठल्या दिशेला? दक्षिणेकडे असेल तर उत्तम, कारण पुढे येईल. जाहिरातीत ‘एचयूटीजी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का? हा पर्यटक-भाड्याचा परवाना. तो नसेल तर पुढे जाऊ नका. पर्यटन कर दर माणशी दर रात्री लागतो, पण सात रात्रींपुरताच, आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ. शेवटची सफाई, चादरी-टॉवेल आणि लांब मुक्कामात वीज हे खर्च बहुतेक वेळा वेगळे असतात. पासपोर्टचे तपशील मालक मागतोच, तो कायदाच आहे, त्यात संशय घेऊ नका.

आता बोट. परवान्याशिवाय मोटरबोट चालवायची तर लांबी पाच मीटरपर्यंत, इंजिन 11.26 किलोवॅट म्हणजे 15 अश्वशक्तीपर्यंत, फक्त दिवसा आणि बंदरापासून दोन सागरी मैलांच्या आत. कालवे आणि किनाऱ्याजवळचं पाणी यात येतं. रोझेसच्या पलीकडच्या खडकाळ छोट्या आखातांपर्यंत मात्र यात पोहोचता येत नाही, भाड्याने देणारा बोलण्याच्या ओघात काहीही म्हणो. दोन तास वर्ग आणि चार तास पाण्यावर, असा परीक्षेशिवायचा छोटा परवाना मिळतो. त्यावर सहा मीटरपर्यंतची बोट चालवता येते, पण दोन मैलांची आणि दिवसाची अट तशीच राहते. मुक्काम महिन्याहून मोठा असेल तरच तो घ्यावा. निव्वळ कालवे फिरायला तासावर मिळणारी विजेची बोट पुरते. आवाज नाही, वास नाही.

उजव्या बाजूने चालायचं, पुलाखाली आणि वळणावर वेग आणखी कमी, आणि मागे लाट उठत असेल तर समजा तुम्ही जोरात आहात. खरी फजिती होते ती धक्क्याला लागताना, कारण बोटीला ब्रेक नसतो. फेंडर, म्हणजे बोटीच्या बाजूला टांगायचे हवेचे गादे, आधीच लटकवून ठेवा, धक्क्याच्या कडेला टेकतील इतक्याच उंचीवर. फार वर बांधले तर कठडा सरळ बोटीला घासतो. पुढचा आणि मागचा दोर मोकळा करून हाताशी ठेवा. वाऱ्याकडे तोंड करून तिरकं या, दोन बोटींच्या लांबीइतकं अंतर उरलं की गियर काढा आणि शेवटी क्षणभर उलटा गियर द्या. आधी वारा येतो त्या बाजूचा दोर बांधा, मग दुसरा. बोट भिंतीवर जात असेल तर हात-पाय मध्ये घालायचा नाही, हाताचं बोट चेमटण्यापेक्षा फेंडर चेमटलेला बरा. याशिवाय दोन तिरपे दोर लावा, एक पुढून मागे आणि एक मागून पुढे. ते नसले की शेजारून बोट गेली की तुमची पुढे-मागे हिसके खाते. कोकणात होडी बांधताना ओहोटीसाठी दोर ढिला सोडतात, ती सवय इथे विसरा. ढिला दोर म्हणजे रात्रभर धडधड.

याहून मोठा विषय ‘त्रामुंताना’चा. पिरिनीजवरून येणारा हा कोरडा उत्तरी वारा काही वेळा ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. हिवाळ्यात जास्त, पण उन्हाळ्यातही दोन-तीन दिवस येऊन जातो. आकाश लखलखीत निळं असतं, म्हणून नवखा माणूस फसतो. अंदाजात उत्तरेचा जोर दिसला की आदल्या संध्याकाळी कापडी छत गुंडाळा, छत्री आडवी करा, खुर्च्या आत घ्या आणि दोर दुहेरी करा. पुळणीवर हा वारा जमिनीवरून समुद्राकडे ढकलतो. हवा भरलेली गादी किंवा मगर घेऊन मुलांना त्या दिवशी पाण्यात सोडू नका. कडेला पाणी सपाट दिसतं, शंभर मीटरवर ती गादी हाती लागत नाही. वरचं कोमट पाणी लांब गेलं की खालचं थंड वर येतं, मग ऑगस्टमधलं 24-25 अंशांचं पाणी एका दिवसात अंगावर काटा आणतं. या वाऱ्यात दक्षिणमुखी ओट्यावर जेवता येतं, उत्तरमुखी ओट्यावर ताट उडतं.

पुळण मात्र चांगली: रुंद, वाळूची, हळूहळू खोल होणारी. लहान मुलं असतील तर हे गाव त्यासाठीच निवडावं.

डास हा जाहिरातीत न सापडणारा मुद्दा. दोन्ही बाजूंना आयग्वामॉल्स हे पाणथळ संरक्षित क्षेत्र आहे. आणखी वसाहत होऊ नये म्हणून 1976 मध्ये लोकांनी आंदोलन केलं, 1983 मध्ये ते क्षेत्र राखीव झालं, आणि त्याचे फ्लेमिंगो आणि करकोचे आपल्याला दिसतात. डासही त्याच पाण्याचे. फवारणी होते, तरी सूर्यास्ताच्या आसपासचा तास वाईट. खिडकीला जाळी आहे का हे एसीच्या आधी विचारा. दुसरा आवाज विमानांचा: पश्चिमेला स्कायडायव्हिंगची धावपट्टी आहे आणि चांगल्या हवेत दिवसभर विमानं चढत राहतात. दुपारी झोपायची सवय असेल तर समुद्राकडे घर घ्या.

स्वयंपाकघर बहुतेक ठिकाणी काचेच्या शेगडीचं. खोलगट तवा त्यावर निरुपयोगी, सपाट बुडाचा न्या. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, स्टीलचा लागतो. बेसन ‘अरीना दे गार्बान्सो’ नावाने आणि मसूर डाळ सुपरमार्केटात मिळते; तूरडाळ, पोहे, हिंग बार्सिलोनाच्या राव्हाल भागातून आणा नाहीतर घरून. बाहेर शाकाहारी खायचं तर टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची ‘एस्कालिवादा’ मागा. ती अँचोवी हे छोटे मासे घालूनही देतात, म्हणून ‘सेन्से कार्न नी पेश’, म्हणजे मांस-मासे नकोत, हे आधीच सांगा. भाज्यांच्या पाएयाचा भातही कधी माशाच्या पाण्यात शिजवलेला असतो. जेवण दुपारी एक ते साडेतीन, रात्री साडेआठनंतर. संध्याकाळी सहा वाजता हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद असतं.

बार्सिलोनाहून वेगवान गाडीने फिगेरेस-विलाफांतला तासाभरात पोहोचता येतं, पुढे पंधरा किलोमीटर टॅक्सी. हे स्टेशन गावाबाहेर आहे. रोझेसकडची बस जुन्या स्टेशनाजवळून सुटते, दोन्हींची गल्लत होते. मोटारीने येत असाल तर एपी-7 महामार्गावर सप्टेंबर 2021 पासून टोल नाही, पण ऑगस्टमधल्या शनिवारी, घरं बदलण्याच्या दिवशी, शेवटचे दहा किलोमीटर तासभर खातात. भारतातून येणाऱ्यांनी शेंगेनची 180 दिवसांत 90 दिवसांची अट धरूनच मुक्काम आखावा, आणि गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी काढावा.

महिना निवडायचा तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. 23 जूनच्या रात्री सांत जोआन या सणाचे फटाके पहाटेपर्यंत वाजतात, ती रात्र झोपेची धरू नका. ऑक्टोबरच्या मध्यापासून बोटी भाड्याने देणारे एकेक करून शटर ओढतात, तेव्हा बोटीसाठी आलात तर फोन करून या.