निळा रंग, हिरवी अंडी आणि ‘तुमचं पाणी खराब’

श्रिंप, म्हणजे शोभेच्या टाकीत पाळायचे छोटे झिंगे, विकणाऱ्या लबाडाला एक सोय असते, जी इतर फार कमी धंद्यांत मिळते. श्रिंप कशानेही मरतात. पाण्यात जरासं तांबं उतरलं, मरतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन राहून गेलं, मरतात. कात अडकली, मरतात. खोलीत डासांचं लिक्विड लावलं तरी मरतात, कारण त्यातली पायरेथ्रॉइड प्रकारची औषधं किड्यांइतकीच कवचधाऱ्यांनाही बाधतात. त्यामुळे माल कसलाही दिला तरी दोष घेणाऱ्याच्या टाकीवर ढकलता येतो. मला ज्याने गंडवलं त्याचा सगळा कारभार एकाच वाक्यावर चालायचा: “दादा, तुमच्या पाण्यात प्रॉब्लेम आहे.”

मी मागवल्या होत्या निळ्या निओकॅरिडिना. शौकीन मंडळींना माहीतच आहे, पण नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो: लाल चेरी, निळी, पिवळी, चॉकलेटी या सगळ्या निओकॅरिडिना डेव्हिडी या एकाच जातीच्या. मूळची पूर्व चीन, तैवान, कोरियाकडची. निसर्गात ती मातकट हिरवी-तपकिरी असते, डोळ्यांत भरेल असं काही नसतं तिच्यात. हे रंग माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवडून पक्के केले. म्हणूनच चांगल्या रंगाच्या मागे कुणाची तरी खरी मेहनत असते आणि त्या मेहनतीला लोक पैसे मोजतात. जिथे पैसे मोजले जातात तिथे शॉर्टकट शोधणारे येणारच.

फोटो झकास होते. काळी वाळू, गडद निळे श्रिंप, पोटाखाली अंडी. “घरचीच पैदास” म्हणाला. पैसे आधी. “जिवंत पोचण्याची गॅरंटी” होती, अट एकच: मेलेला निघाला तर पार्सल आल्यावर दोन तासांत बंद पिशवीचा फोटो पाठवायचा. ही अट तशी रास्त आहे, चांगले विक्रेतेही घालतात. पण ती फक्त प्रवासाची गॅरंटी असते, मालाची नव्हे, आणि हा फरक तो पुरेपूर वापरणार होता.

पार्सल आलं, सगळे जिवंत. पिशवीतल्या पाण्याला किंचित निळसर झाक होती. विचारलं तर उत्तर तयार: “प्रवासासाठी मिथिलीन ब्लू टाकलंय.” मिथिलीन ब्लू हे निळं औषध मासे पाठवताना खरोखरच वापरतात, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरली नाही. या माणसाचं प्रत्येक खोटं असं अर्ध्या खऱ्यावर बेतलेलं होतं आणि त्या अर्थी तो धंद्यातला जाणकार होता, हे मान्य करावं लागेल.

भिंग लावून पाहिल्यावर मात्र काहीतरी खटकलं. खऱ्या निळ्या निओचा (निओकॅरिडिनाचा) रंग त्वचेतल्या रंगपेशींत असतो. जवळून पाहिलं की ठिपके दिसतात, पाठीवर दाट, पायांकडे विरळ, कुठे मध्येच एखादा उघडा डाग. दोन श्रिंप कधी हुबेहूब सारखे नसतात. मादी गडद आणि अंगाने भरलेली, नर लहान आणि फिका. इथे सगळ्यांचा रंग एकसारखा, रंगीत काचेसारखा आरपार. ठिपका एकही नाही. अंगातून आतड्याची रेघ स्वच्छ दिसत होती.

मोठा श्रिंप साधारण महिनाभराने कात टाकतो, वाढीच्या वयातला त्याहून लवकर. पहिली कात पडली आणि रंग उतरला. दुसऱ्या कातीनंतर निळं म्हणण्यासारखं काही उरलंच नाही. विक्रेत्याचं म्हणणं, “स्ट्रेसने रंग जातो.” हेही अर्धं खरं. घाबरलेला किंवा फिकट वाळूवर ठेवलेला श्रिंप खरंच फिका पडतो. पण तो रुळला, खायला लागला, तळ गडद मिळाला की रंग परत येतो. माझे श्रिंप मजेत खात होते, फिरत होते आणि दिवसेंदिवस पारदर्शक होत होते.

मग हात दिसले. निओकॅरिडिनाच्या पुढच्या पायांच्या दोन्ही जोड्यांना इवल्याशा चिमट्या असतात आणि चिमट्यांच्या टोकाला केसांचे झुबके. दिवसभर ती त्यांनी शेवाळ, सूक्ष्म थर खरवडून तोंडात घालत असते. माझ्याकडे आलेल्यांची दुसरी जोडी मात्र लांबच लांब, बारीक, नाकाच्या पुढे जाणारी, टोकाला खरीखुरी नांगी. मॅक्रोब्राकियम! ज्या गटात वीतभराहून मोठा होणारा गोड्या पाण्यातला झिंगा येतो, त्याच गटातले पारदर्शक, स्वस्तातले श्रिंप, जे बरेचदा मोठ्या माशांना खाऊ म्हणून विकले जातात. कुणीतरी त्यांना रंगवलं होतं. कसं रंगवतात ते मी मुद्दाम लिहीत नाही.

फसवणूक फक्त पैशांची असती तर मी इतकं लिहिलं नसतं. कात टाकल्यावर श्रिंपचं अंग काही काळ मऊ असतं आणि तो कोपऱ्यात दडून बसतो. माझ्याकडच्या साध्या लाल चेरी नेमक्या त्या वेळेला नाहीशा व्हायला लागल्या होत्या. एकदा रात्री टॉर्च मारला तेव्हा त्या लांब हातांत काय आहे ते दिसलं.

त्याला फोटो, व्हिडिओ सगळं पाठवलं. उत्तर आलं ते पाण्याचं: “आधी रीडिंग पाठवा.” पाठवली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ७.२, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा) ७, केएच (कार्बोनेटचा कठीणपणा) ४, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) २१०. निओसाठी यात बोट ठेवायला जागा नाही, पीएच ६.५ ते ८, जीएच ६ ते १०, टीडीएस दीडशे ते अडीचशेच्या आसपास ती उत्तम नांदते. त्याने ताबडतोब एक तक्ता पाठवला: टीडीएस १०० ते १५०, केएच शून्य, पीएच ६ च्या आसपास. “बघा, तुमचं सगळंच जास्त आहे.”

हा तक्ता खोटा नव्हता, दुसऱ्याच प्राण्याचा होता. क्रिस्टल रेडसारख्या कॅरिडिना या दुसऱ्या गटातल्या श्रिंपना असं मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. त्यासाठी आरओच्या पाण्यात मोजून क्षार मिसळतात आणि तळाला पीएच खाली ठेवणारी खास माती घालतात. निओला तसल्या पाण्यात ढकललं तर कातीची बोंब होते, कारण कवचासाठी लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम अपुरं पडतं. जुनं कवच मानेपाशी गोल तडकतं, पांढरी कडी दिसते आणि श्रिंप त्यातच अडकून मरतो. म्हणजे त्याचा सल्ला ऐकला असता तर उरलेल्या चेरीही गेल्या असत्या आणि त्याचं म्हणणं आपोआप ‘सिद्ध’ झालं असतं. तक्त्याखाली अर्थातच त्याच्याकडची मिनरल पावडर आणि बॅक्टेरियाची बाटली घेण्याचा आग्रह होता. पाण्याची तक्रार हे त्याचं विक्रीचं दुसरं दुकान.

टीडीएसच्या आकड्यावरून कुणी घाबरवत असेल तर एवढं लक्षात ठेवा, की ते मीटर पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतं आणि तिचं पीपीएममध्ये रूपांतर करून दाखवतं. त्यात कॅल्शियम किती, मीठ किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. जीएच-केएच वेगळं मोजल्याशिवाय नुसत्या टीडीएसवर कोणाच्याही टाकीचा निकाल देता येत नाही.

मी तक्त्यावर जातीचं नाव लिहून परत पाठवलं तेव्हा तो एकदम नरमला. “माणुसकी म्हणून” बदली माल देतो म्हणाला. लाल चेरी, सगळ्या बेरीड, म्हणजे पोटाखाली अंडी घेतलेल्या. फोटोत खरंच पोटाखाली हिरवट-पिवळं काहीतरी गच्च भरलेलं होतं. लाल चेरीची अंडी बहुतेक पिवळी असतात, काही रंगांत हिरवटही दिसतात, तेव्हा नुसत्या रंगावरून काही ठरत नाही. “हिरवी अंडी म्हणजे प्युअर लाइन,” अशी वर मखलाशी.

नवीन माल मी नेहमी वेगळ्या डब्यात ठेवतो: एक स्पंज फिल्टर, मूठभर मॉस, बाकी काही नाही. या वेळी तिथेच त्यांना भिंगाखाली घेतलं. खरी अंडी सुटी, लांबट गोल, साधारण एक मिलिमीटरची. मादीला वीस-तीस असतात आणि ती पोटाखालचे पोहण्याचे पाय सतत हलवून त्यांना वारा घालते, अधूनमधून एखादं फिरवून साफ करते. दिवस भरत आले की प्रत्येक अंड्यात दोन काळे डोळे दिसतात. माझ्यासमोर होती ती मण्यांची रास नव्हतीच. पायांच्या मुळांतून निघालेले धाग्यांचे पुंजके होते, एकमेकांत गुंतलेले, टोकाकडे फुगीर. पाय हलत नव्हते. आणि सरळ, बारीक पोटाच्या, स्पष्टपणे नर असलेल्या दोघांनाही तीच ‘अंडी’ होती.

हा परजीवी आहे. शौकिनांत त्याला सरसकट हिरवी बुरशी म्हणतात, कुणी एलोबायोप्सिस म्हणतात. पण या लक्षणांचा एक पक्का ओळखलेला जीव क्लॅडोगोनियम नावाचं शेवाळ आहे, ज्याचं वर्णन जपानमध्ये १९७१ साली गोड्या पाण्यातल्या श्रिंपवरूनच झालं. त्यात हरितद्रव्य नसतं, ते श्रिंपवरच पोसतं. खात्रीने लागू पडेल असं औषध माझ्या माहितीत एकही नाही. मेलेला श्रिंप टाकीत राहू द्यायचा नाही, त्या डब्याची जाळी आणि नळी दुसरीकडे न्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. डब्यातलं त्या डब्यातच संपलं, मुख्य टाकीत काही गेलं नाही.

तक्रार केली. उत्तर तुम्हीच ओळखा.

मग इतरांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की गंडवण्याचे प्रकार आणखी आहेत. नुसते नर पाठवणं, किंवा अनेक रंगांचा ‘रेनबो ब्रीडिंग सेट’, ज्याची पिल्लं काही पिढ्यांत मातकट निघतात. सगळ्यात निर्लज्ज प्रकार ‘अमानो ब्रीडिंग पेअर’. पाणवनस्पतींच्या टाक्या सजवणारे जपानी ताकाशी अमानो यांनी १९८० च्या दशकात शेवाळ खाणारा म्हणून प्रसिद्ध केलेला हा श्रिंप, कॅरिडिना मल्टिडेंटाटा, गोड्या पाण्यात छान राहतो आणि मादी अंडीही धरते. पण त्यातून पिल्लं नव्हे, अळ्या निघतात, आणि त्यांना वाढायला खारं पाणी लागतं. श्रिंपचं रूप आल्यावर त्यांना परत गोड्या पाण्यात आणावं लागतं. घरच्या साध्या टाकीत त्यांची पैदास होते म्हणून जोडी विकणारा एकतर अडाणी आहे किंवा चोर. निओचं उलट, तिच्या अंड्यांतून तीन-चार आठवड्यांत दोन मिलिमीटरची, हुबेहूब आईबापांसारखी पिल्लं निघतात.

फसून आलेला माल रागाने तळ्यात-ओढ्यात सोडण्याचा विचार काहींच्या मनात येतो, म्हणून हेही लिहितो. जर्मनीत वीजकेंद्राच्या कोमट पाण्याने तापलेल्या एका ओढ्यात निओकॅरिडिना वस्ती करून असल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. परका जीव आणि त्याच्यासोबतचा रोग, दोन्ही आपण बाहेर सोडत असतो. कुणी देऊ केला म्हणून दुसऱ्याच्या टाकीतही तो माल ढकलू नका.

आता पैसे पाठवण्याआधी मी एकच गोष्ट मागतो: पिल्लांचा व्हिडिओ. मोठ्यांचा नको. त्याच टाकीतली, काचेवर किंवा मॉसवर चरणारी पिल्लं, आणि शेजारी कागदावर आजची तारीख. रंगवलेल्या श्रिंपची रंगीत पिल्लं दाखवता येत नाहीत, दुसऱ्याचे फोटो उचलणाऱ्याला तारीख घालता येत नाही, आणि ज्याच्याकडे रोगट कळप आहे त्याला अंडीच काय, पिल्लंही दाखवायची पंचाईत होते. सोबत पाण्याची रीडिंग मागतो, त्याच्या टाकीची. खरा पैदास करणारा हे दोन्ही हौसेने पाठवतो, उलट न विचारता चार गोष्टी जास्तच सांगतो. एकाने तर मला त्याच्या टाकीत दिसलेला हायड्राही (पिल्लांना धोका ठरू शकणारा इवलासा डंखधारी जीव) दाखवला आणि म्हणाला, घ्यायच्या आधी विचार करा. त्याच्याकडूनच घेतले.

अलीकडे एका नव्या नावाच्या खात्यावर तेच काळ्या वाळूवरचे निळे श्रिंप दिसले. फोटोही तेच. मी अनोळखी ग्राहक म्हणून पिल्लांचा व्हिडिओ मागितला. उत्तर लगेच आलं: “दादा, पिल्लं लाजाळू असतात, कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. तुमच्या पाण्याचा टीडीएस किती आहे?”