एमकेएमएफचं 'हॅव_फंक': नकार बरा, होकार तपासून घ्या

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी सी भाषेत एक्स्टेंशन (जोड-भाग) लिहायचं तर त्याची बिल्ड तयार करणारं साधन एमकेएमएफ वेगळं बसवावं लागत नाही, ते रुबीसोबतच येतं. बिल्डची तयारी करणाऱ्या एक्स्टकॉन्फ.आरबी फाइलमध्ये, फंक्शन उपलब्ध आहे का ते तपासणाऱ्या 'हॅव_फंक'ला फंक्शनचं नाव दिलं की ते कॉन्फटेस्ट.सी नावाचा चिमुकला प्रोग्रॅम लिहून कंपाइल आणि लिंक करून बघतं. जमलं तर 'हॅव_'ने सुरू होणारा मॅक्रो, म्हणजे सी कोडला 'फंक्शन आहे' असं सांगणारी खूण, तयार. आवृत्तीचे आकडे तपासत बसण्यापेक्षा हे केव्हाही सरस, आणि सार्वजनिक एपीआयपुरते त्याला पैकीच्या पैकी गुण. इंटरप्रिटरच्या आतल्या, त्याच्या स्वतःच्याच वापराच्या फंक्शनांपाशी मात्र ते फसतं, तेही ऐटीत 'यस' छापून.

कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. आधी ते फंक्शनचा पत्ता पॉइंटरमध्ये घेऊन बघतं; त्यासाठी हेडरमध्ये (घोषणांच्या .एच फाइलमध्ये) त्याची घोषणा लागते. ते जमलं नाही तर 'एक्स्टर्न व्हॉइड' अशी घोषणा स्वतःच लिहून फंक्शनला हाक मारतं. म्हणजे हेडरमध्ये नाव नसलं तरी लिंक करताना सिम्बॉल (बांधलेल्या कोडमधलं फंक्शनचं नाव) सापडला की होकार. तुमच्या कोडमध्ये ती घोषणा नसतेच. जुना कंपायलर मग परतावा इंट समजतो, ६४ बिटांच्या 'व्हॅल्यू'चे (रुबीच्या वस्तूंसाठीच्या सी प्रकाराचे) ३२ बिट गळतात आणि भलत्याच ठिकाणी सेगफॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो. जीसीसी १४ आणि क्लँग १६ या कंपायलरांपासून घोषणेविना हाक मारणं ही थेट एरर आहे, हे उत्तमच झालं.

जुनं उदाहरण 'आरबी_थ्रेड_कॉल_विदाउट_जीव्हीएल'चं. रुबी १.९ मध्ये ते थ्रेड.सी मध्ये होतं, पण सार्वजनिक हेडरमध्ये नव्हतं. २.० मध्ये रुबी/थ्रेड.एच आलं आणि परताव्याचा प्रकारही व्हॅल्यूऐवजी व्हॉइड पॉइंटर झाला. इथे 'हॅव_फंक'ला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून रुबी/थ्रेड.एच दिलं की १.९ वर हेडरच न मिळाल्यामुळे बरोबर 'नो' येतं. नुसतं रुबी.एच देऊन काही साधत नाही.

दुसरा सापळा जास्त लबाड आहे. रुबी बांधतानाच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला '--एनेबल-शेअर्ड' न देता बांधलेल्या रुबीत चाचणीचा प्रोग्रॅम स्टॅटिक लायब्ररीशी लिंक होतो. तिथे हिडन व्हिजिबिलिटीचे, म्हणजे बाहेरच्यांपासून लपवलेले, सिम्बॉलही लिंकरला मिळतात, म्हणून होकार. पण तुमची .एसओ फाइल (बांधलेलं एक्स्टेंशन) लोड होताना रुबीच्या डायनॅमिक टेबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना खुल्या नावांच्या यादीत, ते नाव नसतं. 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' दिसतं ते रिक्वायर करताना, किंवा लेझी बाइंडिंग (नाव पहिल्या वापराच्या वेळीच शोधणं) असेल तर थेट त्या फंक्शनला हाक मारताना. बिल्ड मात्र हिरवीगार. रुबी कशी बांधली ते सांगणाऱ्या आरबीकॉन्फिगमधली 'एनेबल_शेअर्ड' ही नोंद 'नो' असेल तर हा धोका गृहीत धरा.

दोन्हींवर उपाय एकच: आधी एमकेएमएफचं 'ट्राय_कंपाइल', जे कोड फक्त कंपाइल करून बघतं. त्यात हेडर इन्क्लूड करून फंक्शनचं नाव कंसांशिवाय व्हॉइड पॉइंटरला द्यायचं. घोषणा नसेल तर कोणताही सी कंपायलर तिथेच अडतो. ते पास झालं तरच 'हॅव_फंक'. क्रम उलटा करू नका, कारण 'हॅव_फंक' होकार देताच मॅक्रो नोंदवून मोकळं होतं. नंतरच्या चाचणीने तो मागे घेतला जात नाही. 'ट्राय_कंपाइल' स्वतः काही छापत नाही, म्हणून ते निकाल छापणाऱ्या 'चेकिंग_फॉर'मध्ये गुंडाळा.

नकारही क्वचित खोटा निघतो. सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या पर्यायांत) इशाऱ्यांना एरर मानणारं '-डब्ल्यूएरर' आणि अर्धवट घोषणांवर इशारा देणारं '-डब्ल्यूस्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स' आधीच घातले तर चाचणीचा कोडच नापास होतो. हे फ्लॅग सगळ्या चाचण्यांनंतर जोडावेत. शंका आली तर एमकेएमएफ.लॉग उघडा. प्रत्येक चाचणीचा पूर्ण सोर्स, कमांड आणि कंपायलरची तक्रार त्यात असते, आणि या साधनाची सर्वांत चांगली गोष्ट तीच.

हेडरमधली घोषणा स्वतःच्या फाइलमध्ये हाताने उतरवणाऱ्यांना मात्र यातलं काहीच वाचवत नाही. त्यांनी निदान बाहेर खुल्या सिम्बॉलांची यादी देणारी 'एनएम -डी' ही कमांड चालवून सिम्बॉल खरोखर एक्स्पोर्ट होतो का ते बघावं: शेअर्ड बिल्ड असेल तर लिबरुबी या लायब्ररीवर, नसेल तर रुबीच्या बायनरीवर. बायनरीचा पत्ता 'आरबीकॉन्फिग.रुबी'कडून घ्या, रुबीच्या आवृत्त्या बदलणारं आरबीएन्व्ह वापरत असाल तर 'व्हिच रुबी' हाती शेल स्क्रिप्ट देतं.