लिंबवर चिकटवायचा क्लिकर : अपुरा ड्रॉ आणि ‘टार्गेट पॅनिक’ यांवर तो कितपत उपयोगी पडतो?

साइट (नेम धरायचे साधन), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) किंवा कॅम (कंपाउंड धनुष्याच्या टोकांची चाके) यांपैकी काहीही न वापरता रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले धनुष्य) अथवा लाँगबो (लांब, साधे धनुष्य) चालवणाऱ्या तिरंदाजांच्या तक्रारी ऐकल्या, तर त्यांतल्या बऱ्याचशा दोनच ठिकाणी येऊन थांबतात. एक म्हणजे दोरी दर वेळी सारखी ओढली जात नाही, म्हणजेच ‘ड्रॉ’ अपुरा राहतो. दुसरी म्हणजे नेम मध्यावर येण्याआधीच, किंवा येताक्षणी, बोटे आपोआप सुटतात. या दुसऱ्या तक्रारीला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. काहींच्या बाबतीत ती उलट रूपात दिसते : बाण मध्याच्या खाली किंवा बाजूला अडकून राहतो, आणि कितीही प्रयत्न केला तरी हात त्याला पिवळ्या वर्तुळात नेऊ देत नाही. हे दोन्ही दोष बहुतेकदा जोडीने राहतात, कारण बोटे लवकर सुटू लागली की दोरी अँकरपर्यंत (चेहऱ्यावर हात टेकवायच्या ठरलेल्या जागेपर्यंत) पोहोचतच नाही. या जोडगोळीवर उपाय म्हणून मिळणाऱ्या एका लहानशा उपकरणाचे, म्हणजे धनुष्याच्या वरच्या लिंबवर (वाकणाऱ्या भुजेवर) चिकटवायच्या आणि ड्रॉ पूर्ण झाला की ‘टक्’ वाजणाऱ्या दोऱ्याच्या क्लिकरचे, हे परीक्षण आहे. अनेक उत्पादक ही रचना जवळपास सारखीच बनवतात, त्यामुळे येथे एखाद्या छापापेक्षा या रचनेविषयीच लिहिले आहे. मी तो टेकडाऊन (लिंब्ज सुट्या करता येणाऱ्या) रिकर्व्हवर, आधी 40 पाउंडांच्या आणि नंतर 30 पाउंडांच्या लिंब्जवर, दीर्घ काळ वापरला आहे.

क्लिकरचे मुख्य अंग म्हणजे स्प्रिंग स्टीलची, बोटाच्या पेराएवढी पट्टी. जत्रेत मिळणाऱ्या पत्र्याच्या टिकटिकीत जी युक्ती असते तीच येथे आहे : किंचित फुगवटा दिलेली पट्टी एका मर्यादेपलीकडे वाकवली की तो फुगवटा एकदम उलटतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. पट्टी ज्या धातूच्या तळावर बसवलेली असते तो तळ दुहेरी चिकटपट्टीने लिंबवर, रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या, न वाकणाऱ्या भागापासून) काही इंच वर, तिरंदाजाकडच्या बाजूस चिकटवतात. पट्टीच्या मोकळ्या टोकातून एक पक्का दोरा किंवा बारीक मण्यांची साखळी निघते आणि ती नॉकिंग पॉइंटच्या (दोरीवर बाण बसवायच्या जागेच्या) वर धनुष्याच्या दोरीला बांधली जाते. दोरी ओढत नेली की हा दोरा हळूहळू ताठ होतो, पूर्ण ड्रॉला पट्टी वाकते आणि आवाज होतो. वजन अगदीच कमी असल्याने धनुष्याच्या तोलावर परिणाम जाणवत नाही. किंमतही दोन-तीन बऱ्यापैकी बाणांच्या पलीकडे जात नाही.

बसवण्याचे काम सोपे आहे, पण ते घाईने करण्याचे नाही. लिंबवर मेणाचा किंवा हाताच्या घामाचा थर असेल तर चिकटपट्टी धरत नाही. म्हणून ती जागा अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन मगच क्लिकर दाबून बसवावा आणि रात्रभर धनुष्याला हात लावू नये. मी वापरलेल्या एका क्लिकरसोबत आलेली मूळ चिकटपट्टी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवल्यावर कडेने सुटू लागली होती. तिच्या जागी चांगल्या प्रतीची फोमची दुहेरी पट्टी लावल्यावर हा त्रास संपला. दोरा बांधताना गाठ अशी हवी की ती जोर लावून सरकवता येईल, पण बाण सुटण्याच्या धक्क्याने आपोआप सरकणार नाही. धनुष्य नुसते चढवलेले असताना दोरा सैल लोंबतो, हे स्वाभाविकच आहे. मात्र तो इतका खाली लोंबता कामा नये की बाणाच्या पिसांत किंवा शेल्फपाशी (बाण टेकवायच्या खाचेपाशी) अडकेल. सर्व्हिंगच्या (धनुष्याच्या दोरीवर गुंडाळायच्या) दोऱ्याचे चार-पाच घट्ट वेढे देऊन त्यावर गाठीचे टोक दाबून टाकले, तर ती जागा महिनोन्‌महिने हलत नाही. वेढ्यांच्या कडेला शाईची बारीक खूण केली, की गाठ किंचित सरकली तरी लगेच लक्षात येते.

आता ड्रॉविषयी. लिंबवर ‘28 इंचांवर 40 पाउंड’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते 28 इंच नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून ग्रिपच्या (मुठीच्या) सर्वांत खोल बिंदूपर्यंतचे अंतर अधिक पावणेदोन इंच, असे मोजलेले असतात. पूर्ण ड्रॉच्या आसपास या ताकदीच्या धनुष्याचे वजन (दोरी ओढून धरायला लागणारा जोर) दर इंचाला साधारण दोन ते तीन पाउंडांनी बदलते. म्हणजे एक बाण पूर्ण ओढून आणि पुढचा इंचभर कमी ओढून सोडला, तर प्रत्यक्षात दोन वेगवेगळी धनुष्ये वापरल्यासारखे होते. कमी ओढलेला बाण संथ जातो आणि खाली लागतो. शिवाय त्याला मिळणारा जोर कमी असल्याने तो स्पाइनच्या (बाणाच्या ताठपणाच्या) मानाने ताठर वागतो आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या बाबतीत डावीकडे झुकतो. खाली आणि डावीकडे विखुरलेले बाण पाहून पुष्कळ जण नेम धरण्याची पद्धत बदलतात, बाण बदलतात, प्लंजर (बाणाला बाजूने टेकू देणारी स्प्रिंगची कळ) किंवा शेल्फ बदलतात. मूळ दोष मात्र ड्रॉमध्येच असतो. क्लिकरची पहिली आणि निर्विवाद उपयुक्तता येथे आहे : तो खोटे बोलत नाही. आपल्याला पूर्ण वाटणारा ड्रॉ पूर्ण नाही, हे आवाज न होण्यातूनच कळते.

अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत विजेतेपद मिळवल्यापासून महाराष्ट्रात तिरंदाजीकडे वळणारी मुले आणि पालक वाढले असतील, तर त्यांनी एक फरक समजून घ्यायला हवा. ते दोघे कंपाउंड चालवतात, आणि त्या धनुष्यात ड्रॉ एका ठरलेल्या जागी अडतो. ऑलिंपिक रिकर्व्हमध्ये अशी भिंत नसते, पण रायझरवर बसवलेल्या क्लिकरच्या पात्याखालून बाणाचे टोक निसटले की आवाज होतो, त्यामुळे तेथेही मोजमाप बाहेरून मिळते. पारंपरिक धनुष्यात यांपैकी काहीच नसते. बाण शेल्फवरून सोडला जातो आणि ड्रॉ पूर्ण झाला की नाही हे केवळ पाठीच्या स्नायूंना आणि गालावरच्या बोटाला कळायचे असते. लिंबवरचा क्लिकर ही उणीव रायझरला छिद्र न पाडता भरून काढतो, हे त्याचे खरे वैशिष्ट्य आहे. एकसंध लाकडी धनुष्याला तो जसा लावता येतो तसाच काढताही येतो.

क्लिकर बसवल्यावर आवाज कुठे व्हावा, हे ठरवताना मदतीला दुसरा माणूस हवा. जवळच्या गवताच्या गठ्ठ्यासमोर, त्यावर टार्गेटचा कागद न लावता, डोळे मिटून दोरी ओढावी, पाठीच्या स्नायूंवर ताण आलेला जाणवला की थांबावे, आणि मदतनिसाने बाणावर शेल्फपाशी खूण करावी. असे अनेकदा केल्यावर खुणा जिथे दाट पडतात ती खरी ड्रॉ लेंग्थ. दोरा त्याहून साधारण पाव इंच पुढे आवाज होईल असा बांधावा. हे पाव इंच महत्त्वाचे आहे, कारण हात अँकरला टेकल्यावरही पाठ आकुंचन पावत राहिली तरच आवाज होईल. दोरा अँकरच्या आधीच आवाज होईल इतका आखूड बांधला, तर क्लिकर नुसता टिकटिकत राहतो आणि तिरंदाज पूर्वीसारखाच अपुरा ड्रॉ करत राहतो.

टार्गेट पॅनिकची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि विक्रेत्यांच्या वर्णनात ती फार सोपी करून सांगितलेली दिसते. काही हालचाली अशा असतात की त्या सुरू झाल्या की वाटेत थांबवता येत नाहीत, आणि काही हालचाली अशा की त्या चालू असताना सतत पाहता येतात, थांबवता येतात, परतवता येतात. पोलिसांच्या स्वाट (विशेष सशस्त्र) पथकातले माजी स्नायपर आणि आता तिरंदाजांना शिकवणारे अमेरिकी प्रशिक्षक जोएल टर्नर यांची मांडणी या फरकावर उभी आहे. दोरी सावकाश ओढणे दुसऱ्या प्रकारात बसते. पण नेम दिसताच ‘आता!’ म्हणून बोटे सोडणे पहिल्या प्रकारात जाते, आणि हजारो बाणांनंतर मेंदू ‘मध्य दिसला’ आणि ‘बोटे सुटली’ या दोन गोष्टींची गाठ इतकी घट्ट बांधतो की मधला निर्णय गळून पडतो. त्यानंतर ‘थांब’ असे स्वतःला कितीही बजावले तरी ते बजावणे उशिरा पोहोचते. भित्रेपणाचा किंवा मन दुबळे असण्याचा येथे संबंध नाही. या विकाराने उत्तम तिरंदाजांनाही छळले आहे, आणि खेळ सोडून देण्याइतके हताश झालेले लोक मी पाहिले आहेत. म्हणूनच या उपकरणाचे मूल्यमापन वरवरचे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

क्लिकर येथे काय करतो? तो सुटण्याचा इशारा डोळ्यांकडून काढून कानांकडे देतो. नेम कुठेही असो, आवाज होईपर्यंत काम एकच : दोरी सावकाश ओढत राहणे. आवाज नेमका कधी होईल हे आधी कळत नाही, त्यामुळे मेंदूला सुटण्याचा क्षण आधीच ठरवून टाकता येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत याचा लाभ लक्षणीय असतो. बाण मध्यावर स्थिर धरता येणे, ही ज्याने वर्षानुवर्षे गमावलेली गोष्ट आहे त्याला ती पुन्हा अनुभवायला मिळते.

पण येथेच बहुतेकांचे पाऊल चुकते. आवाज हाच नवा इशारा होतो, आणि ‘मध्य दिसला’च्या जागी ‘टक् ऐकू आले’ एवढाच काय तो बदल होतो. मग तिरंदाज आवाजाची वाट पाहत ताठर होतो, किंवा नेम मध्यावर आला की हिसका देऊन पट्टी उलटवतो आणि त्याच हिसक्यात बाण सोडतो. क्लिकर लावूनही उपयोग झाला नाही असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते. हे टाळायचे असेल तर आवाजाचा अर्थ ‘सोड’ असा न घेता ‘ड्रॉ पूर्ण झाला, आता ठरव’ असा घ्यायला हवा. त्यासाठीचा सराव कंटाळवाणा आहे, पण परिणामकारक आहे. दोन-तीन मीटरवरच्या कोऱ्या गठ्ठ्यासमोर उभे राहावे, आणि बाण लावण्यापूर्वीच ठरवावे की या वेळी आवाजानंतर बाण सोडायचा की दोरी सावकाश परत आणायची. तीन बाणांतला निदान एक परत आणावा. आवाज होऊनही बोटे बंद राहतात आणि पाठ ताणलेलीच राहते, हे ज्या दिवशी सहज जमते, त्या दिवसापासून उपकरण खरे काम करू लागते. त्यानंतर कागद लावावा, तोही आधी मोठा आणि जवळ. मग अंतर वाढवावे. अंतर वाढताच जुनी सवय डोके वर काढते, तेव्हा संकोच न करता परत गठ्ठ्यापाशी यावे.

धनुष्याच्या वजनाचा मुद्दा येथे टाळता येत नाही. 40 पाउंडांच्या लिंब्जवर आवाज होईपर्यंत हात थरथरू लागतो, आणि थरथरणाऱ्या हाताने थांबून निर्णय घेणे शक्य नसते. 30 पाउंडांवर तोच सराव शांतपणे करता आला. टेकडाऊन धनुष्य असेल तर हलक्या लिंब्जचा जोड घेणे हा क्लिकरइतकाच आवश्यक खर्च समजावा. पण एकसंध लाँगबो असेल, आणि तो आपल्या ताकदीबाहेरचा असेल, तर त्यावर क्लिकर लावून फारसे काही साधणार नाही.

थोड्या गैरसोयीही नोंदवायला हव्यात. लोंबणारा दोरा झुडपांत अडकतो, त्यामुळे जंगलातून जाणाऱ्या थ्रीडी (प्राण्यांच्या प्रतिकृतींवर नेम धरण्याच्या) मार्गावर चालताना तो हाताने धरून ठेवावा लागतो. जोराच्या वाऱ्यात किंवा टोपीने कान झाकलेले असताना आवाज पुरेसा स्पष्ट ऐकू येत नाही, जरी लिंबमधून येणारा हलका कंप बोटांना जाणवतो आणि सरावाने तोही पुरतो. दोरी बदलली, किंवा पिळे देऊन तिची लांबी बदलली, की सगळे मोजमाप नव्याने करावे लागते. पट्टीचे स्टील टिकाऊ आहे. झिजतो तो दोरा, विशेषतः पट्टीच्या छिद्रापाशी, आणि तो तुटला तर नेमका पूर्ण ड्रॉला तुटतो. म्हणून तेथे तंतू सुटलेले दिसले की वाट न पाहता बदलावा.

स्पर्धांत उतरणाऱ्यांसाठी एक अडचण मोठी आहे. वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बेअरबो (साइटविना रिकर्व्ह), ट्रॅडिशनल आणि लाँगबो या विभागांत ड्रॉ तपासणारे कोणतेही उपकरण चालत नाही; इतर संघटनांचे नियम वेगवेगळे असल्याने ते आधी वाचून घ्यावेत. त्यामुळे क्लिकरवर शिकलेले त्याच्याविना टिकवण्याची तयारी सुरुवातीपासून ठेवावी लागते. माझ्या अनुभवात त्यासाठी सर्वांत चांगली जोड म्हणजे पिसाचा स्पर्श : पूर्ण ड्रॉला बाणाचे वरचे पीस नाकाच्या शेंड्याला किंवा ओठाच्या कोपऱ्याला लागेल असा अँकर बसवावा, आणि क्लिकर लावलेला असतानाच आवाज व स्पर्श एकाच वेळी घडतील असे जुळवून घ्यावे. मग काही बाण क्लिकरसह, काही दोरा काढून, असा सराव केला की स्पर्श आवाजाची जागा घेऊ लागतो. दोरा काढलेल्या बाणांमध्येही परत आणण्याचा सराव सोडू नये, आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात तो वाढवावा.

ज्याचा ड्रॉ अनियमित आहे पण नेम शांत आहे, त्याने हा क्लिकर निःशंक घ्यावा. त्याला फरक पहिल्याच सरावात दिसेल. ज्याला टार्गेट पॅनिक आहे त्यानेही घ्यावा, मात्र त्यासोबत हलक्या लिंब्ज, कोरा गठ्ठा आणि बाण परत आणण्याचा सराव हे तिन्ही घ्यायची तयारी असेल तरच. निवड करताना मण्यांच्या साखळीऐवजी दोऱ्याचा प्रकार घ्यावा, कारण त्याची लांबी मिलिमीटरने बदलता येते, आणि सोबत सुटा दोरा व जादा चिकटपट्टी देणाऱ्या विक्रेत्याला प्राधान्य द्यावे.