३ × १.५ × १.५ फुटी समुद्री टाकी: वर्ष होत आलं, आता लिहितो (आणि पट्टीचे साडेतीनशे रुपये)

पट्टी सुटली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, पाऊस धरलेला असताना, समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या माझ्या टाकीच्या वर मध्यभागी आडवी चिकटवलेली काचेची पट्टी मागच्या बाजूनं सिलिकॉन सोडून खाली कलली. टाकी बनवून देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दुसरी बाजू चिकटलीया न्हवं? मग असूदे की हो साहेब, काय होत नाही." मी म्हटलं, काही होत नाही तर बसवलीस कशाला? तर म्हणे, "सेफ्टी."

बिलात 'सपोर्ट पट्टी' म्हणून ३५० रुपये वेगळे लावलेत, मी मागितली नसताना. त्यावर पुढे येतोच.

टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच १० मिमी. काठोकाठ भरली तर १९० लिटर. दगड आणि वाळू वजा जाता पाणी १६० च्या आसपास राहतं. खाली २ × १ × १ फुटी संप, म्हणजे वरचं पाणी जिथे उतरतं आणि पंपानं परत वर जातं ती दुसरी टाकी. सायकल कशी करायची (मासे सोडण्याआधी घाण पचवणारे जिवाणू कसे वाढू द्यायचे), खारटपणा ३५ (लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ) कसा ठेवायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. घर बेळगावजवळच्या खानापुरात, कौलारू, समोरच्या खोलीत शहाबादी फरशी थेट जमिनीवर. काच ४० किलो, पाणी, दगड, स्टँड मिळून तीनशे किलोच्या जवळपास वजन होतं, पण खाली जमीनच असल्यानं ती चिंता नव्हती. माडीवर किंवा लाकडी तक्तपोशीवर ठेवणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा.

आकाराबद्दल सगळे विचारतात ते एवढंच, "किती लिटर?" लिटरवर जाऊ नका. बेळगावात कुठल्याही दुकानात तयार मिळते ती ३ × १ × १.५ ची, फ्लॉवरहॉर्न आणि गोल्डफिशवाल्यांची. तिच्यात १२७ लिटर पाणी मावतं. २ × १.५ × १.५ करून घेतली तरी १२७ लिटरच. गुणाकार करून बघा, एक थेंब इकडे तिकडे नाही. पण कोरलसाठी या दोन टाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फूटभर रुंदीच्या टाकीत दोन्ही काचांची जाडी वजा करून आत २८५ मिमी उरतात. पुढच्या काचेवर काच पुसायचं मॅग्नेट फिरायला ७५ मिमी, मागे पाणी खेळायला ५० मिमी सोडले की दगडाला उरले १६० मिमी, म्हणजे सव्वासहा इंच. एवढ्यात दगडाची भिंतच होते, डोंगर होत नाही. भिंतीच्या मागे घाण साचते, वेव्हमेकरचा (पाणी हलवणाऱ्या पंपाचा) झोत एका बाजूनं येतो आणि समोरच्या काचेवर आपटतो. कोरल लावायला सपाट जागा मिळत नाही, सगळं उभ्यावर. दीड फूट रुंदीत हेच गणित ३१२ मिमीवर जातं. म्हणजे रुंदी दीडपट आणि दगडाला जागा जवळजवळ दुप्पट. तयार टाकी स्वस्त पडते, मान्य. पण पैसे लांबीवर घालवण्यापेक्षा रुंदीवर घाला. लांबी फक्त खोलीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी असते.

(आमच्या आईचं मत वेगळं आहे. तिच्या मते ती जागा मुळात शोकेसची होती.)

आता फूटभर चौकोनी 'नॅनो'. उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमधल्या एकाला तीच घ्यायची आहे, कारण टेबलावर मावते. तिच्यात २८ लिटर पाणी. हिवाळ्यात आमच्याकडे कोरडा वारा सुटतो तेव्हा पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. २८ मधलं एक लिटर उडालं की ३५ चा खारटपणा ३६.३ होतो. माझ्याकडे त्याच हवेत रोज अडीच लिटर उडायचं, म्हणजे जास्तच, पण १६० लिटरच्या आसपास पाणी असल्यामुळे आकडा ३५.६ च्या आत राहायचा. दोन दिवस लग्नाला गेलात तर नॅनोवाल्याला परत येऊन काय दिसेल ते सांगायला नको. उलट जून ते सप्टेंबर खानापुरात हवेतच एवढं पाणी असतं की टाकीतलं उडायलाच मागत नाही. लिटरभर सुद्धा नाही. म्हणून ऑटो टॉप-अपचा (उडालेल्या पाण्याची भर घालणारा) पंप टायमरवर लावू नका, पातळी उतरली की चालू होणाऱ्या फ्लोट स्विचवरच लावा. टायमर हिवाळ्याच्या हिशेबानं लावलात तर पावसाळ्यात तो गोडं पाणी ओततच राहील.

उंचीबद्दल म्हणाल तर टाकी घेताना माझी इच्छा दोन फुटांची होती. दुकानात तशी टाकी भारदस्त दिसते. आता दोन फूट कुणी फुकट दिली तरी नको. दीड फूट म्हणजे जुन्या मापाचा एक हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तळाशी पडलेला कोरलचा तुकडा उचलायला कोपरापर्यंत हात घातला की काम होतं. दोन फुटांत खांदा भिजतो आणि चिमट्यानं काम करावं लागतं. शिवाय काचेची जाडी मुख्यतः उंचीवर ठरते, उंची वाढली की खालचा दाब वाढतो. जाड काच, जास्त पैसे. आणि दिव्यालाही तळापर्यंत पोचायला जोर लागतो. उंचीनं माशांना काही मिळत नाही, आपल्यालाच मिळतं, तेही फोटोत.

संपबद्दल मात्र माझं मत मे महिन्यापर्यंत एक होतं आणि आता दुसरं आहे. मे पर्यंत मी सांगत होतो की तीन फुटी टाकीला संप म्हणजे चैन, मागे लटकणारा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पुरे. मग पावसाळा लागला. इकडे वाऱ्यात झाड तारांवर पडलं की वीज कधी येईल ते देव जाणे. वीज गेली की पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबतो आणि वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या (खाली जायच्या वाटेच्या) पातळीपर्यंत संपमध्ये उतरतं. ३ × १.५ च्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. माझ्या संपमध्ये छप्पन लिटर मावतात, चालू असताना तीस ठेवतो, त्यामुळे दोन इंच उतरलं तरी फरशी कोरडी. हा हिशेब आधी न करता छोटा संप लावलेल्यांच्या घरी लाईट गेली की बादल्या निघतात. पण मत बदललं ते यामुळे नाही. हीटर, स्किमर, टॉप-अपचा फ्लोट, सगळी अडगळ खाली गेली आणि वर फक्त पाणी, दगड आणि जीव राहिले. पाण्याचे तीस लिटरही वाढले. आता कुणी विचारलं तर संपशिवाय समुद्री टाकी करूच नका म्हणतो. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर ठेवलाय, दहा वॅटचा. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की प्राणवायू मिळतो, बाकी सगळं थांबलं तरी चालतं. एकदा रात्रभर आणि दुसरा दिवसभर वीज नव्हती. सकाळी टॉर्च मारून बघितलं तर क्लाउनफिशची जोडी रोजच्या कोपऱ्यात, भूक लागल्याच्या थाटात. त्या दिवशी १९० लिटर आणि मोजकेच मासे यांचे पैसे वसूल झाले.

पाण्याचा विषय निघाला की चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा प्रत्येक जण सांगतो, "समुद्र काय लांब आहे? कॅन भरून आण." वीस लिटरचे दहा कॅन, गाडीचं पेट्रोल, आणि पावसाळ्यात नद्यांच्या तोंडाशी समुद्र एवढा गोडसर झालेला असतो की वर मीठ घालावंच लागतं. नको. घरी आरओ-डीआय फिल्टरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, आणि विकतचं रीफ सॉल्ट, म्हणजे समुद्री टाकीचं मीठ. महिन्यातून दोनदा वीस लिटर बदलतो, एका वेळी सातशे ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं. चार फुटी ४ × २ × २ घेतली असती तर साडेचारशे लिटर, आणि तेवढ्याच टक्क्यांनी दर वेळी दीड किलोच्या वर मीठ. मोठी टाकी जास्त स्थिर असते हे सगळे सांगतात, मिठाच्या पिशवीची किंमत कुणी सांगत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी मी अंगण आणि मोटरसायकल धुवायला वापरतो, सांडू देत नाही.

आणि "मालवणहून चार प्रवाळाचे दगड उचलून आण" म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो: आपल्या समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रपंख्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. माझ्याकडे मशरूम आणि झोअँथिड असे मऊ जातीचेच कोरल आहेत, मासे हॅचरीत वाढवलेले. निळ्या टँग माशाचा मोह सगळ्यांना होतो, दुकानात तो दोन इंचांचा असतो. वाढून फूटभर होतो आणि त्याला पोहायला सहा फूट लांबी लागते. तीन फुटी टाकीत तो ठेवणं म्हणजे छळ.

तर पट्टी. चार इंच रुंद, बरोबर मध्यभागी, म्हणजे बरोबर दिव्याच्या खाली. माझा एकच दिवा आहे, तोही मध्यभागी, आणि सगळ्यात चांगला उजेड पडायचा तिथेच हिची सावली. तिच्यावर शिंतोडे उडून मिठाचा पांढरा थर बसायचा, तो पुसला नाही की सावली अजून गडद. पट्टीच्या खालचे झोअँथिड माना लांब करून उजेडाकडे वाकायचे, बाजूचे मात्र टुमदार पसरलेले. फोटो काढला की मध्ये काळा पट्टा. हात घातला की मनगट तिच्या कडेला घासायचं, कारण कडेला पॉलिश मारलेलं नव्हतं. पॉलिशचे पैसे लावले नव्हते एवढाच त्याचा प्रामाणिकपणा. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असू शकतं, आणि कापलेल्या हातानं त्यांच्यात काम करणं हा खेळ नाही. हातमोजे घालूनच करतो.

सुटल्यावर दुकानदाराचं म्हणणं, "टाकी रिकामी करून घेऊन या, दोन दिवसांत लावून देतो." १९० लिटरची जिवंत टाकी, गणपतीच्या तोंडावर, टेंपोत घालून. मी म्हटलं तू ये. तर येण्याचे वेगळे. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही, काच खरवडून कोरडी करावी लागते, हे मलाही माहीत आहे. पण मग पहिल्यांदाच का धरलं नाही? आवाज चढले. बायको मधे पडली, "अहो, साडेतीनशेसाठी बीपी वाढवू नका." साडेतीनशेचा प्रश्न नाहीच हो, मागितली नव्हती हा प्रश्न आहे.

शेवटी वर्कशॉपमधून तीन फुटी स्टीलची सरळपट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्यांचा संच) घरी आणला. व्हर्नियरनं काच मोजली, दहाची दहाच निघाली. तेवढं त्यानं खरं केलंय. पाणी दोन इंच उतरवलं, पट्टीचं उरलेलं टोक ब्लेडनं सोडवलं, पाणी हळूहळू पुन्हा चढवलं आणि समोरच्या काचेचा फुगवटा वरच्या कडेला मध्यभागी मोजला. पाऊण मिमी. दुसऱ्या दिवशी पाऊण, महिन्यानंतरही पाऊणच. सांध्यांच्या सिलिकॉनमध्ये बुडबुडा नाही, पांढरेपणा नाही. दीड फूट उंचीला आणि १० मिमी काचेला तीन फूट लांबीत पट्टीशिवाय भागतं, निदान माझ्या टाकीत भागलंय. पण हे वाचून कुणी आपली पट्टी काढायला जाऊ नका. काच ८ मिमी असेल, उंची दोन फूट असेल किंवा लांबी चार फूट असेल तर पट्टी हवीच, आणि सुटली तर त्याच दिवशी पाणी उतरवा. ऑर्डर देतानाच लिहून घ्या: पट्टी की बिनपट्टी, असेल तर दिव्याच्या खाली नको, आणि कडा घासून. पट्टी गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत मधले झोअँथिड खाली बसले.

विजेचं सांगतो, कारण घरात तेच विचारतात. पंप आणि वेव्हमेकर मिळून ३५ वॅट, चोवीस तास, महिन्याला २५ युनिट. दिवा शंभर वॅट, नऊ तास, २७ युनिट. खरा खर्च हिवाळ्यातल्या हीटरचा: दोनशे वॅटचा हीटर निम्मा वेळ चालला तरी महिन्याला ७२ युनिट. इथली रात्रीची थंडी लोक विसरतात, किनाऱ्यावरच्यांचे सल्ले वाचून चिलरच्या (पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) मागे लागतात. चिलर घेऊ नका. एप्रिलमध्ये पाण्यावर पंखा लावला की दोन अंश उतरतं, मात्र टॉप-अपचा कॅन लवकर संपतो.

एक तक्रार अजून मिटायची आहे. स्टँड चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाइपचा आहे, नुसता रंग मारलेला, आणि मागच्या पायाला गंज धरलाय. आता टाकी वर असताना खरवडून इपॉक्सी प्रायमर मारण्यापलीकडे काही करता येत नाही. नवा स्टँड करणार असाल तर पावडर कोटिंग आधीच करून घ्या, आणि पाइपांची उघडी तोंडं वेल्डरकडून बंद करून घ्या. खारं पाणी तिथूनच आत जातं.